कशानं झालं?

सांगलीहून तासगावला एसटीनं निघालं की थोड्याच वेळात कवलापूर येतं. तेवढ्या वेळात शेजारच्या बाईंनी माझ्याकडं तीनदा पाहिलं होतं. त्यांच्या माझ्या मध्ये त्यांची पिशवी होती आणि पिशवीतून कोथिंबिरीच्या जुड्या डोकावत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "काय झालं ओ बाई नाकाला?" मी सांगितलं, कॅन्सर होता, कातडीचा, ऑपरेशन करून काढला. त्यांनी पिशवी सावकाश आपल्या अंगाकडं ओढून घेतली. जरा वेळानं म्हणाल्या, "पण कशानं झाला? तंबाकू? मिशरी?" मी नाही म्हटलं. "मग नशीबच म्हणायचं," असं म्हणून त्या सैलावल्या आणि पिशवी परत आमच्या दोघींच्या मध्ये आली.

त्या बाई वाईट नव्हत्या. तासगावच्या स्टँडवर माझं सामान त्यांनीच खाली घेतलं. पण त्या पिशवीचं जाणं आणि येणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. गेली साडेतीन वर्षं मी हा चेहरा घेऊन वावरते आहे, आणि 'काय झालं' या प्रश्नामागोमाग 'कशानं झालं' हा प्रश्न आला नाही असा प्रसंग मला आठवत नाही. पहिल्या प्रश्नात विचारपूस असते. दुसऱ्याच्या उत्तरावर मात्र निकाल लागतो: या बाईशी जवळिकीनं बोलायचं की अंतर ठेवून, हळहळायचं की मनातल्या मनात 'भोगा आता' म्हणायचं.

चेहऱ्यावरच्या व्रणाचं कारण डॉक्टरला हवं. गुन्हा घडला असेल तर पोलिसाला आणि कोर्टाला हवं. त्या चेहऱ्याशी बोलणाऱ्याला, त्याला कामावर घेणाऱ्याला आणि त्याच्या दिव्यांगत्वाचा दाखला देणाऱ्या कायद्याला ते लागता कामा नये. आज ते सगळीकडं लागतं. एसटीतल्या बाईंना लागतं तसंच देशाच्या कायद्यालाही लागतं, आणि मला यातली दुसरी गोष्ट जास्त सलते.

आधी माझं सांगते. डाव्या नाकपुडीच्या कडेला काळसर, कडेनं चकाकणारी एक पुळी होती. मी तिला मस समजले. खपली धरायची, तोंड धुताना निघायची, थेंबभर रक्त यायचं, पुन्हा खपली. शाळा, दहावीच्या जादा तासिका, द्राक्षांचा हंगाम या धबडग्यात दोन वर्षं मेडिकलमधून मलम आणून लावत राहिले. तुकडा काढून तपासल्यावर निदान आलं, बेसल सेल कार्सिनोमा. डॉक्टर म्हणाले, "यानं सहसा जीव जात नाही. तो शरीरात क्वचितच पसरतो, पण जिथं आहे तिथं खात जातो." म्हणूनच जुने डॉक्टर याला रोडंट अल्सर म्हणत, उंदरानं कुरतडल्यासारखा व्रण. आपल्या सावळ्या कातडीला हा रोग गोऱ्या लोकांच्या मानानं फार कमी होतो. त्यामुळं तो आपल्याला होईल असं कुणाच्या मनातही येत नाही, आणि आला की बहुधा नाक, पापणी, गाल अशा दिसणाऱ्या जागीच येतो.

गाठ कडेच्या चांगल्या कातडीसकट काढली, तेव्हा अर्धी नाकपुडी गेली. ती भरायला कपाळाची कातडी घेतली. कपाळावरून एक पट्टी सोडवतात, पण ती पूर्ण तोडत नाहीत. भुवईजवळ रक्तवाहिनीसकट जोडलेली ठेवून, पिळा देऊन खाली नाकावर शिवतात. नव्या जागी रक्त खेळायला लागेपर्यंत तीनेक आठवडे ती पट्टी भुवईपासून नाकापर्यंत डोळ्यांच्या मधून लोंबत राहते. चष्मा लावता येत नाही. एका कुशीवर झोपता येत नाही. त्या तीन आठवड्यांत मी न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकला होता. बाविसाव्या दिवशी पट्टी कापली. नंतर आणखी एकदा नाक बारीक करायचं ऑपरेशन झालं. आता कपाळावर केसांपासून भुवईपर्यंत एक उभी रेघ आहे, आणि नाकाची डावी बाजू उजवीपेक्षा जाड आणि वेगळ्या रंगाची आहे.

या ऑपरेशनचा इतिहास मला नंतर कळला, आणि तो आपल्या दारातला निघाला. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये एक पत्र छापून आलं. टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी १७९२ मध्ये टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात तोडला गेला. मासिकात त्याचं नाव कावसजी असं दिलं आहे. वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घ्यायचा, तो कपाळावर सपाट ठेवून भोवतीनं रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवून भुवयांच्या मधल्या देठावर खाली वळवायची. वरून कात लावलेल्या चिंध्या चिकटवायच्या, हाच आपला विड्यातला कात. चार दिवसांनी तुपात भिजवलेलं फडकं. देठ कापायचा पंचविसाव्या दिवशी. वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, लंडनमध्ये कार्प्यू नावाच्या सर्जननं हीच रीत वापरली आणि ती 'भारतीय पद्धत' म्हणून जगभर गेली. माझा देठ कापला बाविसाव्या दिवशी. दोनशेतीस वर्षांत फरक पडला तो तीन दिवसांचा आणि भुलीच्या इंजेक्शनचा. त्या कारागिराचं नाव पत्रात नाही याची मला फार हळहळ वाटते.

त्याच पत्रात असंही आहे की कावसजीला कंपनी सरकारचं पेन्शन होतं. त्या काळात नाक कापणं ही शिक्षाही होती. चोरीची, बदफैलीची, गद्दारीची. ज्यांचं नाक अशा आळांखाली कापलं गेलं, त्यांच्या तोंडाकडं पाहून कुणी हळहळलं असेल असं वाटत नाही. जखम तीच, कातडी तीच. फरक 'कशानं'चा.

आपल्या भाषेतही तो फरक मुरलेला आहे. अब्रू गेली की नाक कापलं जातं, चूक केली की तोंड दाखवायला जागा उरत नाही. शूर्पणखेला शिक्षा झाली ती नाकाचीच. चेहऱ्याचं बिघडणं आणि वागण्याचं बिघडणं यांची आपण इतकी घट्ट सांगड घातली आहे की बिघडलेला चेहरा दिसला की मन आपोआप अपराध शोधायला लागतं. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' ही म्हण मी पंचवीस वर्षं आठवीच्या वर्गात वाक्यात उपयोग करा म्हणून दिली. एकदाही ती मला खुपली नव्हती.

वॉर्डात माझ्या आधी दोन दिवस दाखल झालेला एक जण होता, कवठेमहांकाळकडचा, मालवाहू गाडी चालवणारा, वय चाळिशीच्या आत. पुरुषांचा वॉर्ड वेगळा होता, पण ड्रेसिंगच्या रांगेत आम्ही रोज शेजारी बसायचो. त्याला गालाच्या आतून कॅन्सर झाला होता. खालच्या जबड्याची एक बाजू काढली होती आणि छातीची कातडी गालावर आणून बसवली होती. अशा ऑपरेशनला तिथं सगळे 'कमांडो' म्हणतात, पेशंटपासून वॉर्डबॉयपर्यंत. पुढच्या महिन्यात तपासणीला भेटला तेव्हा त्या गालावर छातीचे केस उगवले होते. ते तो रोज सकाळी कात्रीनं कापायचा आणि मग वरून रुमाल बांधायचा.

आम्हा दोघांना भेटायला येणारी माणसं मी पाहायची. माझ्याकडं येणारे डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, "बाई, तुमच्यासारख्या माणसाला असं व्हावं!" मला सुपारीचंही व्यसन नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्याकडं येणारे त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारायचे, "दिवसाला किती पुड्या खात होता?" त्याचा सख्खा चुलता त्याच्यासमोर म्हणाला, "सांगत होतो, ऐकलं नाही. आता भोग." त्याला बोलता येत नव्हतं, नाकात नळी होती. त्यानं मान खाली घातली आणि चादरीचा दोरा ओढत राहिला.

तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो हे सूर्यप्रकाशाइतकं खरं आहे, आणि तंबाखू खाऊ नये हे मी जन्मभर मुलांना सांगत आले. पण तो माणूस रात्रीच्या रात्री गाडी हाकत होता, झोप येऊ नये म्हणून पुडी तोंडात टाकत होता, आणि ती पुडी त्याला वयाच्या पंधराव्या वर्षापासून प्रत्येक टपरीवर मिळत होती. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. त्यानंतरही मिळत होती. या सगळ्या साखळीतला एकच दुवा त्याच्या चेहऱ्यावर दिसतो, म्हणून सगळा दोष त्याचा. शिवाय दोषाच्या या भीतीनं काय होतं ते त्यानंच मला पाटीवर लिहून दाखवलं: गालात आतून जखम झाली होती, तिखट सोसत नव्हतं, तोंड पुरतं उघडत नव्हतं, तरी पाच महिने घरात सांगितलं नाही. का, असं मी विचारलं. त्यानं लिहिलं, 'शिव्या बसल्या असत्या.' पाच महिने म्हणजे या रोगात जबडा वाचण्या-न वाचण्यातलं अंतर असू शकतं.

माझ्या शाळेच्या व्हरांड्यात दरवर्षी ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनासाठी केलेली चित्रं जूनमध्ये शाळा उघडली की मी स्वतः लावायची. फाटलेले गाल, वाकडे जबडे, खाली मोठ्या अक्षरात इशारा. एका मुलाचे वडील तशाच ऑपरेशननंतर पालकसभेला यायचे बंद झाले. मुलगा म्हणायचा, कामाला गेलेत. ते त्या भिंतीखालून येणार होते, हे माझ्या ध्यानात आलं ते पुष्कळ वर्षांनी, माझ्याच नाकाला टाके पडल्यावर. त्या माणसाची मी मनापासून माफी मागते.

तंबाखूच्या पाकिटावर एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के जागा इशाऱ्याच्या चित्राला द्यावी लागते. तो नियम मला मोडीत काढायचा नाही. माणसं वाचत असतील तर चित्र राहू द्या. पण चित्र रोगाचं असावं, जखमेचं असावं, आणि त्याच्या शेजारी न भरणारा तोंडातला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, कमी उघडणारं तोंड ही लक्षणं तितक्याच ठळकपणे असावीत. बरा होऊन जगणाऱ्या माणसाचा चेहरा 'बघा, अशी शिक्षा होते' म्हणून दाखवणं थांबायला हवं. तो माणूस वाचलेला आहे. त्याला उद्या बाजारात जायचं आहे.

आता कायद्याकडं येते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यांत अ‍ॅसिड हल्ल्याच्या पीडितांना स्थान दिलं. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणातही त्यांचा वाटा आहे. हे मोठं पाऊल होतं आणि त्यामागं जळालेल्या मुलींचा कित्येक वर्षांचा लढा आहे. पण कायद्यातली व्याख्या वाचा: अ‍ॅसिड किंवा तसा दाहक पदार्थ फेकून केलेल्या हिंसक हल्ल्यामुळं विद्रूप झालेली व्यक्ती. म्हणजे चेहऱ्याची विद्रूपता आपला कायदा मानतो, पण ती अ‍ॅसिडनं झाली तर. स्टोव्हच्या भडक्यानं झाली तर मानत नाही. कॅन्सरच्या ऑपरेशननं झाली तर मानत नाही. २०२१ मध्ये कोविडमागोमाग म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीच्या रोगाची लाट आली. महाराष्ट्रात कितीतरी जणांचा वरचा जबडा, टाळू, डोळा काढावा लागला. डोळा गेला तर दृष्टीच्या रकान्यात टक्के बसतात, वाचा गेली तर वाणीच्या. अर्धा गाल आत गेलेल्या, पण धड पाहणाऱ्या आणि धड बोलणाऱ्या माणसाला मुलाखतीच्या खोलीतून पाच मिनिटांत बाहेर पाठवतात, त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

यावर एक वकील परिचित मला म्हणाले, अ‍ॅसिड हल्ला हा गुन्हा आहे, शासन रक्षण करू शकलं नाही म्हणून शासनाची जबाबदारी वेगळी. मला हे पूर्ण मान्य आहे, पण ते नुकसानभरपाईला लागू पडतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये राज्यांनी अशा पीडितांना किमान ३ लाख रुपये द्यावेत असं सांगितलं, तिथं कारण बघणं रास्तच. दिव्यांगत्वाचं तसं नाही. पाय पोलिओनं गेला की ट्रकखाली गेला की मधुमेहानं कापावा लागला, हे दाखला देताना कुणी विचारत नाही. दारू पिऊन गाडी चालवताना गेला तरी विचारत नाही. पायाला जो न्याय, तो चेहऱ्याला का नको? ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात तीव्र विद्रूपता हे सरळ दिव्यांगत्व धरलं आहे, कारण न विचारता. अपवाद आहे तो हौसेनं गोंदवून किंवा टोचून घेतलेल्याचा. आपल्या यादीतही 'चेहऱ्याची तीव्र विद्रूपता' एवढेच शब्द हवेत, पुढं 'अमुकमुळं' नको. यादीत नव्या प्रकारांची भर घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला याच कायद्यानं दिलेला आहे. अ‍ॅसिडपीडितांच्या वाट्यातलं काही काढून घ्यावं असं मी म्हणत नाही. वाटा वाढवावा लागेल, तो वाढवावा.

कारण न बघता नियम करता येतो याची उदाहरणं आपल्याकडंही आहेत. मोबाईलवर केवायसी करताना 'डोळे मिचकवा' अशी सूचना येते. ज्यांच्या पापण्याच उरल्या नाहीत त्यांनी काय करायचं, हा प्रश्न अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयानं डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं आणि डोळे मिचकवण्याखेरीज दुसरे मार्ग ठेवायला सांगितलं. असा दुसरा मार्ग एकदा झाला की पापणीच्या कॅन्सरचा पेशंटही तोच वापरणार, त्याला कुणी कारण विचारणार नाही. आरोग्य विम्याच्या नियमातही सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली आहे, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना वगळता येत नाही असं तिथं स्पष्ट लिहिलं आहे. माझ्या तिसऱ्या ऑपरेशनचा दावा विमा कंपनीनं 'कॉस्मेटिक' म्हणून परत पाठवला होता. ते कलम लिहून अर्ज केला, मग मिळाला. वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी असा कागद आला असेल तर पॉलिसीतलं वगळण्याचं कलम शेवटच्या शब्दापर्यंत वाचा, आणि सोडून देऊ नका. नाक श्वासासाठी असतं, ओठ पाणी ओघळू नये म्हणून असतात. ते परत बांधणं हा उपचाराचाच भाग आहे.

एसटीतल्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांना कुणी शिकवलेलं नाही, मलाही नव्हतं. पण कुणी विचारलंच तर मी आता 'कशानं'चं उत्तर देत नाही. माझं उत्तर मला सोपं आहे, त्यानं मला सहानुभूती मिळते. पण मी ते घेतलं की कवठेमहांकाळच्या त्या माणसाचं उत्तर आपोआप जास्त काळं ठरतं. म्हणून ऑपरेशन झालं, आता बरी आहे, एवढंच सांगते.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या लायसनची मुदत संपत आली होती. नूतनीकरणाला फोटो काढावा लागतो, म्हणून तो जायचं टाळत होता. त्याच्या बायकोनं मला फोन केला. मी सोबत गेले. रांगेत दीड तास तो रुमाल गच्च बांधून उभा होता, गाठ मानेमागं सारखी चाचपत होता. खिडकीपाशी आल्यावर आतला पोरगेला कारकून म्हणाला, "रुमाल काढा." त्यानं काढला. कारकुनानं त्याच्याकडं पाहिलं, मग स्क्रीनकडं पाहिलं. "हनुवटी जरा वर घ्या. अजून थोडी. हां." क्लिक झालं. "अंगठा ठेवा. पुढचे या."

बाहेर आल्यावर त्यानं रुमाल खिशात कोंबला आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागला. चौकात सिग्नलपाशी थांबलो तेव्हा म्हणाला, अजून त्याचे शब्द जरा बोबडे येतात, "बाई, त्यानं इचारलं न्हाई."